विश्लेषण : डब्यावर 'पूरक आहार', आत स्टेरॉइड... कायदे असूनही विक्री का थांबत नाही?

महिन्याभरात पिळदार शरीर देण्याचे आश्वासन, चकचकीत डबा आणि त्यावर 'पूरक आहार' असा शिक्का. अमेरिकेत गेली सुमारे तीन दशके अशा डब्यांतून कृत्रिम ॲनाबॉलिक स्टेरॉइड खुलेआम विकले गेले. २००७ ते २०१६ या काळात तेथील अन्न व औषध प्रशासनाने भेसळीबद्दल इशारे दिलेल्या ७७६ पूरक उत्पादनांपैकी ९२ स्नायूवाढीची होती. त्यातील ८२ उत्पादनांमध्ये कृत्रिम स्टेरॉइड किंवा स्टेरॉइडसदृश रसायने सापडली. विशेष म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना हे स्टेरॉइड बाळगणे त्या देशात १९९१ पासून गुन्हा आहे. तरीही हे डबे दुकानात कसे आले? ते खाणाऱ्यांच्या शरीराचे काय झाले? भारतातील ग्राहकाने आणि खेळाडूने यातून काय घ्यावे?

ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणजे नेमके काय?

'स्टेरॉइड' हे रेणूंच्या एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. दमा, संधिवात किंवा गंभीर सूज यांसाठी डॉक्टर देतात ती स्टेरॉइड वेगळी. त्यांचा स्नायू फुगवण्याशी संबंध नाही. ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम भावंडे. टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झाले. पण ते तोंडावाटे घेतले, तर आतड्यातून यकृतात पोहोचताच बहुतांश नष्ट होते. यावर रसायनशास्त्रज्ञांनी तोडगा काढला. रेणूतील सतराव्या कार्बन अणूला एक छोटा मिथाइल गट जोडला, की यकृताला तो रेणू सहज मोडता येत नाही. त्यामुळे गोळी काम करते. १९५८ मध्ये अमेरिकेत आलेले मेथॅन्डिएनोन अर्थात 'डायनाबॉल' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मात्र ज्या बदलामुळे गोळी यकृतातून तगून जाते, तोच बदल यकृताला इजाही करतो. या विषयातील वैद्यकीय धोक्याचा मोठा भाग या एका वाक्यात आहे.

मग प्रोटीन पावडर म्हणजे स्टेरॉइड का?

नाही. 'व्हे प्रोटीन' हे चीज तयार करताना उरणाऱ्या दुधाच्या निवळीतून काढलेले प्रथिन आहे. ते अन्नच आहे. क्रिएटिनही मांस-मासळीत नैसर्गिकरीत्या असते. घरात प्रोटीनचा डबा दिसला, की मुलगा 'स्टेरॉइड घेतो' असे समजणे चुकीचे ठरते. पण दुकानाच्या त्याच फळीवर, तशाच डब्यात, 'टेस्टोस्टेरॉन वाढवणारे', 'प्रोहॉर्मोन', 'कायदेशीर स्टेरॉइड' अशी बिरुदे लावलेल्या कॅप्सूलही असतात. खरा प्रश्न त्यांचा आहे.

औषधाची गोळी 'पूरक आहार' कशी झाली?

याचे मूळ ऑक्टोबर १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी स्वाक्षरी केलेल्या एका अमेरिकी कायद्यात आहे. 'डायटरी सप्लिमेंट हेल्थ अँड एज्युकेशन ॲक्ट' या नावाच्या या कायद्याने जीवनसत्त्वे, खनिजे, वनस्पती, अमिनो आम्ले आणि त्यांचे अर्क यांना औषधांपासून वेगळे काढून अन्नाच्या गटात ठेवले. नवे औषध बाजारात आणायचे, तर ते सुरक्षित आणि गुणकारी असल्याचे कंपनीने आधी सिद्ध करावे लागते. पूरक आहाराला अशी पूर्वपरवानगी लागत नाही. उत्पादन आधी विक्रीला येते. ते घातक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी नंतर सरकारवर पडते. बाजारात पूर्वी नसलेला घटक वापरायचा असेल, तर ७५ दिवस आधी प्रशासनाला कळवावे लागते, पण तो नियम पाळलाच जाईल याची खात्री नाही.

कायदा झाला तेव्हा अमेरिकेत अशी सुमारे ४ हजार उत्पादने होती आणि उलाढाल ४ अब्ज डॉलरच्या घरात होती. २०१९ मध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या तत्कालीन प्रमुखांनीच दिलेल्या माहितीनुसार उलाढाल ४० अब्ज डॉलरपलीकडे गेली होती. उत्पादनांची संख्या ५० हजारांहून अधिक, कदाचित ८० हजारांपर्यंत होती. एवढ्या डब्यांपैकी प्रत्येक डबा उघडून तपासणे कोणत्याही यंत्रणेला शक्य नव्हते.

बेसबॉलपटूच्या लॉकरमधील बाटलीने काय उघड झाले?

१९९८ च्या उन्हाळ्यात मार्क मॅकग्वायर हा बेसबॉलपटू एका हंगामातील होमरनचा ३७ वर्षे जुना विक्रम मोडण्याच्या वाटेवर होता. त्याच्या लॉकरमध्ये एका पत्रकाराला 'अँड्रोस्टेनडायोन' असे लिहिलेली बाटली दिसली. हा पदार्थ शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग टेस्टोस्टेरॉनमध्ये बदलतो. म्हणूनच अशा पदार्थांना 'प्रोहॉर्मोन' म्हणतात. तो बेसबॉलच्या तेव्हाच्या नियमांत बसत होता आणि देशाच्या कायद्यातही. कारण तो 'पूरक आहार' होता. मॅकग्वायरने त्या हंगामात ७० होमरन केले. पुढे २०१० मध्ये त्याने स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली.

बाटलीच्या बातमीने विक्री रोखली नाही. उलट अनेकांना या पदार्थाचे नाव त्यामुळेच कळले. अन्न व औषध प्रशासनाने मार्च २००४ मध्ये २३ कंपन्यांना अँड्रोस्टेनडायोनची विक्री थांबवण्यास सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवा कायदा झाला आणि जानेवारी २००५ पासून अनेक प्रोहॉर्मोन नियंत्रित औषधांच्या यादीत गेले. 'डीएचईए' या संप्रेरकाला मात्र त्यातून वगळण्यात आले. ते तेथे आजही पूरक आहार म्हणून मिळते.

बंदीनंतर बाजार थांबला का?

नाही. बाजाराने केवळ रेणू बदलला. १९५० आणि १९६० च्या दशकांत औषध कंपन्यांनी टेस्टोस्टेरॉनच्या रचनेत फेरफार करून शेकडो संयुगे तयार केली होती. त्यातील मोजकीच औषधे झाली. बाकीची प्राण्यांवरील प्राथमिक चाचण्यांनंतर बाजूला पडली. मात्र त्यांच्या कृती आणि चाचण्यांचे तक्ते जुन्या शोधनिबंधांत व १९६९ सालच्या एका जाड संदर्भग्रंथात छापलेले होते. नव्या सहस्रकात काही जणांनी या पानांतून रेणू निवडायला सुरुवात केली. निवडीचा निकष सोपा होता. रेणू ताकदवान हवा आणि त्याचे नाव कायद्याच्या यादीत नको. यांनाच 'डिझायनर स्टेरॉइड' म्हटले जाते. नाव नवे असले, तरी बहुतेक रेणू जुनेच होते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 'सुपरड्रॉल'. त्यातील मेथास्टेरोन हा रेणू १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंटेक्स या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता. औषध म्हणून तो कधीच बाजारात आला नाही. २००५ मध्ये तो पूरक आहार म्हणून विक्रीला आला. गंमत अशी, की येथे लपवाछपवीचीही गरज नव्हती. डब्यावर रासायनिक नाव छापलेले असे. सामान्य ग्राहकाला ते वाचता येत नव्हते आणि कायद्याच्या यादीत ते नव्हते. माणसांवर दीर्घकाळ चाचणी न झालेला हा पदार्थ दुकानातून विकत घेणारे तरुण स्वतःच चाचणीचे नमुने झाले होते. त्यांच्या नोंदी मात्र कोणी ठेवत नव्हते.

हे प्रयोगशाळांच्या लक्षात का आले नाही?

उत्तेजक चाचणीत ज्ञात रेणूंचा शोध घेतला जातो. प्रत्येक रेणूचे तुकडे ठरावीक वजनाचे होतात. यंत्र हे ठसे जुळवते. ज्या रेणूचा ठसाच नोंदवलेला नाही, तो सुटतो. 'टीएचजी' या स्टेरॉइडने हेच दाखवून दिले. नेहमीच्या चाचणीची तयारी करतानाच हा रेणू मोडत असे, त्यामुळे यंत्रापर्यंत पोहोचतच नसे. २००३ च्या जूनमध्ये एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज अमेरिकी उत्तेजक प्रतिबंधक यंत्रणेकडे पाठवली. लॉस एंजलिस येथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डॉन कॅटलिन यांच्या चमूने वेगळ्या पद्धतीने त्यातील रेणू ओळखला. त्यातून 'बाल्को' प्रकरण बाहेर आले. सिडनी ऑलिम्पिकमधील पाच पदके परत करणाऱ्या मॅरियन जोन्सने २००७ मध्ये कबुली देताना, हे जवसाचे तेल असल्याचे आपल्याला सांगण्यात आले होते, असे म्हटले होते. टीएचजी तयार करणारे रसायनशास्त्रज्ञ पॅट्रिक अर्नोल्ड यांनीच १९९० च्या दशकात अँड्रोस्टेनडायोन अमेरिकेच्या पूरक आहार बाजारात आणले होते. खेळाडूंच्या चोरवाटा आणि दुकानातील फळी यांच्यातील अंतर किती कमी होते, हे यावरून दिसते.

पुढे २००५ च्या ऑक्टोबरमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने इंटरनेटवरून खुलेआम मिळणारे डबे कॅटलिन यांच्याकडून तपासून घेतले. त्यात यापूर्वी चाचण्यांत न आढळलेली स्टेरॉइड सापडली. 'सुपरड्रॉल' त्यापैकीच एक.

कायदा एवढा मागे का पडतो?

सुपरड्रॉलचे वेळापत्रकच पाहण्यासारखे आहे. २००५ मध्ये विक्री सुरू झाली. मार्च २००६ मध्ये प्रशासनाने संबंधित कंपनीला इशारापत्र पाठवले. मेथास्टेरोनचा नियंत्रित औषधांच्या यादीत प्रत्यक्ष समावेश झाला तो ऑगस्ट २०१२ मध्ये. म्हणजे सात वर्षे गेली. या काळात मूळ डबा हटला, तरी तोच रेणू दुसऱ्या नावांनी मिळत राहिला. नव्या रेणूचे नाव यादीत घालायचे, तर तो टेस्टोस्टेरॉनशी रासायनिक व औषधशास्त्रीयदृष्ट्या संबंधित आहे, हे दाखवावे लागे. त्यासाठी चाचण्या, सूचना, हरकती अशी प्रक्रिया होती. ती पूर्ण होईपर्यंत विक्रेता पुढच्या रेणूकडे वळलेला असे.

विक्रेत्यांवर खटले झालेच नाहीत असे नाही. बॉडीबिल्डिंग डॉट कॉम या मोठ्या संकेतस्थळावर २००९ मध्ये छापा पडला. त्यानंतर ६५ उत्पादने परत मागवावी लागली. २०१२ मध्ये कंपनीने गुन्हा मान्य केला आणि तिला ७० लाख डॉलरचा दंड झाला. पण हे सारे माल विकला गेल्यानंतर.

अखेर डिसेंबर २०१४ मध्ये डिझायनर स्टेरॉइडविरोधातील स्वतंत्र कायदा आला. त्याने सुमारे २५ रेणू एकदम यादीत घातलेच, शिवाय यादीत नसलेला पण रचनेने अशा स्टेरॉइडसारखा असलेला रेणू स्नायूवाढीसाठी विकला, तर तोही स्टेरॉइड मानण्याची तरतूद केली. डब्यावर स्टेरॉइडचा स्पष्ट उल्लेख न करणे हाही गुन्हा ठरला. नाव बदलून सुटण्याची वाट यामुळे अरुंद झाली.

मग त्यानंतर 'सार्म्स' कोठून आले?

स्टेरॉइडची रचनाच कायद्याच्या कक्षेत आल्यावर बाजार स्टेरॉइड नसलेल्या रेणूंकडे वळला. 'सिलेक्टिव्ह अँड्रोजन रिसेप्टर मॉड्युलेटर' अर्थात सार्म्स हे रचनेने स्टेरॉइड नाहीत, पण पेशीतील टेस्टोस्टेरॉनच्या त्याच ग्राहकाला जाऊन चिकटतात. ऑस्टारिन हे त्यातील परिचित नाव. कर्करोगासारख्या आजारांत झिजणाऱ्या स्नायूंसाठी त्यांचा अभ्यास झाला. वापरासाठी मान्यता मात्र मिळाली नाही. इंटरनेटवर सार्म्स म्हणून विकल्या जाणाऱ्या ४४ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जेमतेम निम्म्या उत्पादनांत खरोखर सार्म्स होते. ३९ टक्के उत्पादनांत मान्यता नसलेले दुसरेच औषध होते. ९ टक्क्यांत काहीच परिणामकारक नव्हते. घटक आणि प्रमाण दोन्ही लेबलशी जुळले ते केवळ ४१ टक्क्यांत. म्हणजे बेकायदा पदार्थ जाणूनबुजून विकत घेणाऱ्यालाही आपण काय गिळतो आहोत हे ठाऊक नव्हते.

शरीरावर परिणाम काय होतात?

सर्वांत आधी यकृताकडे पाहावे लागेल. मिथाइल जोडलेल्या गोळ्यांमुळे यकृतातून पित्त पुढे वाहण्याची क्रिया मंदावते. रुग्णाचे डोळे आणि त्वचा पिवळी पडते, लघवी गडद होते आणि अंगाला असह्य खाज सुटते. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या वैद्यकीय गटाने २००४ ते २०१३ मधील ८३९ रुग्णांचा अभ्यास केला. त्यापैकी १३० जणांना पूरक उत्पादनांमुळे इजा झाली होती आणि त्यातील ४५ जणांनी शरीरसौष्ठवासाठीची उत्पादने घेतली होती. अशा इजांमधील पूरक उत्पादनांचा वाटा या दहा वर्षांत ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला. शरीरसौष्ठवाच्या गटातील रुग्ण तरुण पुरुष होते. त्यांची कावीळ सरासरी ९१ दिवस टिकली. त्यांच्यापैकी कोणी दगावले नाही की यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली नाही, ही दिलाशाची बाब. पण तीन महिने पिवळे डोळे आणि झोप उडवणारी खाज ही पिळदार दंडांची किरकोळ किंमत म्हणता येत नाही. अन्न व औषध प्रशासनाने जुलै २००९ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात यकृताच्या इजेबरोबरच पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे आणि फुफ्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी अडकणे यांचाही उल्लेख होता.

दुसरा परिणाम संप्रेरकांवर होतो. बाहेरून पुरुषी संप्रेरक मिळू लागले, की मेंदू शरीरातील निर्मिती थांबवण्याचा संदेश देतो. वृषणे आकसतात, शुक्राणूंची संख्या घटते. काही स्टेरॉइडचे शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते आणि पुरुषांची छाती वाढू लागते. गोळ्या अचानक थांबवल्या, की थकवा, निरुत्साह, नैराश्य येऊ शकते. शरीराची स्वतःची निर्मिती पूर्ववत होण्यास महिने लागू शकतात. चांगले कोलेस्टेरॉल घसरते, त्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. वाढीच्या वयातील मुलांमध्ये हाडांची टोके वेळेआधी जुळतात आणि उंची खुंटते. स्त्रियांमध्ये आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात. आवाजातील हा बदल बहुधा कायमचा असतो.

लेबलवर उल्लेखच नसेल तर?

हा प्रकार आणखी वेगळा. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या पाठबळाने कोलोन येथील प्रयोगशाळेने १३ देशांतून संप्रेरकमुक्त म्हणून विकली जाणारी ६३४ पूरक उत्पादने घेऊन तपासली. त्यातील ९४, म्हणजे १४.८ टक्के उत्पादनांत लेबलवर नसलेली संप्रेरकसदृश द्रव्ये आढळली. प्रोहॉर्मोन विकणाऱ्या कंपन्यांच्या इतर उत्पादनांत हे प्रमाण २१.१ टक्के, तर ती न विकणाऱ्यांत ९.६ टक्के होते. एकाच कारखान्यात, त्याच यंत्रांवर वेगवेगळी भुकटी मिसळली जाते आणि यंत्रे नीट साफ होत नाहीत, हे याचे एक कारण मानले जाते. अशी अंशमात्र भेसळ सामान्य ग्राहकाच्या यकृताला क्वचितच जाणवेल. खेळाडूच्या नमुन्यात मात्र ती दिसते. दुसरीकडे काही उत्पादनांत स्टेरॉइड मुद्दाम घातले जाते, कारण परिणाम दिसला तरच ग्राहक पुन्हा येतो.

माल परत मागवला म्हणजे प्रश्न मिटतो, असेही नाही. संशोधकांनी २००९ ते २०१२ या काळात परत मागवलेल्यांपैकी, नंतरही बाजारात मिळणारी २७ उत्पादने विकत घेऊन तपासली. १८ मध्ये बंदी घातलेली औषधी द्रव्ये होतीच. क्रीडा क्षमतेसाठीच्या १३ पैकी ११ डबे भेसळयुक्त निघाले. सुरुवातीला उल्लेख केलेल्या ७७६ उत्पादनांपैकी निम्म्याहून अधिक तर परतही मागवली गेली नाहीत.

भारतात स्थिती काय आहे?

भारताचा नियम कागदावर अधिक स्पष्ट आहे. पूरक आहारासंबंधीच्या २०१६ च्या नियमावलीनुसार अशा उत्पादनांत संप्रेरके, स्टेरॉइड किंवा मनावर परिणाम करणारी द्रव्ये घालण्यास मनाई आहे. डब्यावर हे औषध नसल्याची सूचना आणि १४ अंकी परवाना क्रमांक असणे बंधनकारक आहे. नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलोल यांसारखी स्टेरॉइड ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारी औषधे आहेत. महाराष्ट्रात अन्न आणि औषध या दोन्हींची जबाबदारी एकाच प्रशासनाकडे असल्याने डबा अन्नाचा की औषधाचा, यावरून टोलवाटोलवीला येथे वाव कमी असायला हवा.

मात्र परवाना क्रमांक म्हणजे त्या डब्याची प्रयोगशाळेत तपासणी झाली, असे नव्हे. तो उत्पादक किंवा आयातदार नोंदणीकृत असल्याचे सांगतो. लेबल आणि आतील माल यांतील तफावतीचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासावरून येतो. त्यात बाजारातील ३६ प्रथिनयुक्त पूरक उत्पादने तपासण्यात आली. सुमारे ७० टक्के उत्पादनांत प्रथिनांचे प्रमाण लेबलशी जुळत नव्हते. १४ टक्क्यांत बुरशीजन्य विष आढळले. हा अभ्यास प्रथिन पावडरींचा होता, स्टेरॉइडचा नव्हे. पण सर्वांत साध्या डब्याची ही गत असेल, तर 'टेस्टो' नाव मिरवणाऱ्या कॅप्सूलच्या लेबलवर डोळे मिटून विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न उरतो.

खेळाडूंना याची किंमत कशी मोजावी लागते?

उत्तेजक प्रतिबंधक नियमांचे मूळ तत्त्व कठोर आहे. नमुन्यात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. डब्यावर लिहिलेले नव्हते, हा बचाव शिक्षा कमी करू शकतो, पण दोष पुसत नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल आणि ग्वांगझू आशियाई स्पर्धांत ४ बाय ४०० मीटर रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघातील अश्विनी अकुंजी, मनदीप कौर आणि सिनी जोस यांचे नमुने २०११ मध्ये दोषी आढळले. त्यात मेथॅन्डिएनोन हे जुनेच स्टेरॉइड होते. युक्रेनचे प्रशिक्षक युरी ओगोरोद्निक यांनी चीनमधून आणलेल्या जिन्सेंगच्या कॅप्सूलमधून ते आल्याचे सांगण्यात आले. क्रीडा मंत्रालयाने प्रशिक्षकांना काढून टाकले. देशांतर्गत समितीने खेळाडूंवर एक वर्षाची बंदी घातली. परंतु क्रीडा लवादाने जुलै २०१२ मध्ये ती दोन वर्षांची केली. कॅप्सूलबाबत खेळाडूंनी पुरेशी काळजी घेतली नाही, असे लवादाचे मत पडले. त्यांचे लंडन ऑलिम्पिक हुकले.

देशात राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक कायदा २०२२ मध्ये झाला. खेळाडूंच्या पूरक आहाराची तपासणी देशातच व्हावी, यासाठी गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाशी करारही झाला. तरी २०२३ मध्ये भारतीय यंत्रणेने गोळा केलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३, म्हणजे ३.८ टक्के नमुने दोषी ठरले. यातील सर्वच पूरक आहारामुळे नव्हते. पण तालमीत घाम गाळणारा मल्ल किंवा जिल्हा पातळीवरचा धावपटू दुकानदाराच्या शब्दावर डबा उचलतो, तेव्हा तो स्वतःच्या कारकीर्दीची जोखीम घेत असतो.

ग्राहकाने काय पाहावे?

काही खुणा डब्यावरच असतात. 'चार आठवडे घ्या, मग चार आठवडे थांबा' अशी सूचना असेल, तर ते अन्न नाही. प्रथिने किंवा जीवनसत्त्वे घेताना यकृताला विश्रांती द्यावी लागत नाही. 'यकृतरक्षक गोळ्यांसोबत घ्या', 'कोर्सनंतर संप्रेरक पूर्ववत करणारी कॅप्सूल घ्या' हे सल्लेही तेच सांगतात. 'ट्रेन', 'डेका', 'डीबॉल' यांसारख्या स्टेरॉइडच्या बोलीनावांशी जुळणारी नावे, आकडे आणि ग्रीक अक्षरांनी भरलेली लांबलचक रासायनिक नावे, 'कायदेशीर स्टेरॉइड' हा शब्दप्रयोग किंवा 'उत्तेजक चाचणी होणाऱ्या खेळाडूंनी टाळावे' अशी बारीक अक्षरांतील ओळ दिसली, तर डबा परत ठेवणे शहाणपणाचे.

परवाना क्रमांक अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आयात मालावर भारतीय आयातदाराचे नाव व पत्ता असायला हवा. खेळाडूंनी प्रत्येक बॅचची स्वतंत्र तपासणी करून प्रमाणित केलेलीच उत्पादने निवडावीत. त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. असे काही आधीच घेत असाल आणि डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा पुरळ नसताना खाज सुटली, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जाताना डबा सोबत न्यावा आणि काय, किती दिवस घेतले हे लपवू नये. तरुणाला अचानक कावीळ झाली, की प्रथम दूषित पाणी आणि विषाणूंचाच विचार होतो. डब्याची माहिती मिळाली, तर डॉक्टरांचा अनेक दिवसांचा शोध वाचतो. उरलेला डबा, बॅच क्रमांक आणि पावती जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार करता येते. विक्रीपूर्व तपासणी जेथे होत नाही, तेथे घातक डबा यंत्रणेच्या नजरेस येण्याचा हा एक महत्त्वाचा मार्ग आहे.